मदत हवी आहे : इब्न सीनाचं आत्मकथन मराठीत मिळेल का?

नमस्कार मंडळी. प्रसिद्ध वैद्य आणि तत्त्वज्ञ इब्न सीना 980 च्या सुमारास बुखाऱ्याजवळ (आजच्या उझबेकिस्तानात) जन्मला. त्याने आपला शिष्य जुझजानी याला सांगितलेलं छोटंसं आत्मकथन सध्या इंग्रजीतून वाचतेय आणि अक्षरशः भारावून गेलेय. त्यात तो सांगतो, की ॲरिस्टॉटलचा 'मेटाफिजिक्स' हा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ चाळीसदा वाचून पाठ झाला तरी अर्थ लागेना. मग एकदा पुस्तकबाजारात एका दलालाने त्याच ग्रंथाचा उद्देश समजावणारं, फाराबी या आधीच्या तत्त्वज्ञाचं पुस्तक त्याच्या गळ्यातच मारलं. मालकाला पैशांची नड होती, म्हणून अवघ्या तीन दिरहमला! घरी येऊन वाचलं आणि सगळं उलगडलं. दुसऱ्या दिवशी त्याने गोरगरिबांना भरपूर दान केलं.

आता माझी अडचण. हे शब्दशः खरं मानायचं, की बुद्धिमान माणूस स्वतःच्या बळावर शिकू शकतो हे ठसवायला त्याने आयुष्य असं मांडलंय? मला दुसरं जास्त पटतं, कारण नातिली या गुरूला तो फारच झटपट मागे टाकतो. अरबी जाणणाऱ्यांनी कृपया सांगा.

आणि मराठी, निदान हिंदी अनुवाद कुणाच्या पाहण्यात आहे का? अकरावीतल्या भाचीला वाचायला द्यायचाय. थेट अरबीवरून केलेला असेल तर फारच छान.