शब्दचर्चा : 'चारित्र्याच्या संशयावरून'

जिल्हापान

जिल्ह्याच्या पानावर एक शीर्षक वर्षानुवर्षं येतंय: 'चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून'. मी उपसंपादक आहे, नव्या मुलांच्या बातम्या तपासते. मला या शीर्षकातल्या 'वरून'बद्दल बोलायचंय.

'वरून' आणि 'तून' कारण सांगतात. संशय होता हे आपल्याला कोणी सांगितलं? अटक झालेल्या नवऱ्याने पोलिसांना, पोलिसांनी आपल्याला. बातमीत येताना सांगणारे दोघेही गळतात आणि ते कारण वर्तमानपत्राचं स्वतःचं म्हणणं होऊन बसतं. जिच्यावर संशय घेतला ती उत्तर द्यायला उरलेली नसते. वाचणारा मग तिच्या चारित्र्याचा विचार करत बसतो.

'घरगुती वादातून' तर याहून वाईट. वादाला दोन माणसं लागतात. एकाने दुसऱ्याला काठीने मारलं तर ती मारहाण आहे. 'किरकोळ कारणावरून' लिहिलं की पुढे कारण शोधलंच जात नाही. 'एकतर्फी प्रेमातून हल्ला' यात ज्याने कोयता उचलला त्याला आपण प्रेमिकाचा मान देतो. मुलीने नकार दिला होता, तो तिचा पाठलाग करत होता, ही माहिती चौथ्या परिच्छेदात सापडते. कधी तीही नसते.

दुसरी गोष्ट कर्त्याची. 'तरुणीवर अत्याचार झाला', 'विवाहितेचा छळ झाला'. गारपीट झाली, अपघात झाला, तसाच हा 'झाला'. कोणी केला ते वाक्यात नाही. तक्रारीत संशयिताचं नाव असतानाही आपण असं लिहितो, केवळ सवय म्हणून.

तुम्ही काय लिहिता? आणि 'अब्रू लुटली', 'अतिप्रसंग', 'नराधम' हे शब्द तुमच्याकडे अजून चालतात का?

काळाकोट

ताई, मुद्दा पटला, पण वकील म्हणून एक सावधगिरी सांगतो. निकाल लागेपर्यंत 'पतीने खून केला' असं सरळ लिहिता येणार नाही. मराठीत त्याची सोय आहे: 'पतीने मारहाण केल्याची तक्रार', 'पतीने गळा दाबल्याचा आरोप'. 'केल्याची' या एका रूपात कर्ताही राहतो आणि हे कोणाचं म्हणणं आहे तेही राहतं. 'नराधम' शब्दाला माझा विरोध याच कारणासाठी. तो लिहिला की खटला चालण्याआधीच निकाल दिल्यासारखं होतं. शिवाय अत्याचार करणारा कोणी राक्षस असतो असा समज पसरतो. तो बहुतेकदा घरातला, शेजारचा, शाळेतला ओळखीचा माणूस असतो.

'अब्रू लुटली' मी कधीच स्वीकारणार नाही. त्यात नुकसान तिच्या इभ्रतीचं दाखवलंय. त्यापेक्षा 'बलात्कार' हा शब्द कितीतरी नेमका. 'बलात्' म्हणजे बळाने. जुन्या मराठीत बळजबरीने केलेल्या कुठल्याही गोष्टीला हा शब्द वापरत, म्हणजे शब्दाचा सगळा रोख बळ वापरणाऱ्याकडे आहे. पण त्याच शब्दामुळे आपण 'बळ कुठं वापरलं? खुणा कुठं आहेत?' असंही विचारू लागलो. १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला आठवा. सत्र न्यायालयाने तिला खोटारडी ठरवून पोलिसांना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि म्हटलं की मुकाट्याने शरण जाणं म्हणजे संमती नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये तो निकाल फिरवला, अंगावर जखमा नाहीत हे त्यातलं एक कारण. त्यावर उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायदेतज्ज्ञांनी १९७९ मध्ये खुलं पत्र लिहिलं. चळवळ पेटली, १९८३ मध्ये कायदा बदलला. संमती आणि शरणागती यातला फरक बातमीदाराला तोंडपाठ हवा.

'विनयभंग' हा शब्द मात्र कलमातच बसलेला आहे, तिथे तुमचा नाइलाज. साडेसात महिन्यांच्या बाळाला 'विनय' असतो का, हा प्रश्न १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. उच्च न्यायालयाने नाही म्हटलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने हो म्हटलं. कलम सांगताना 'विनयभंग' लिहा, पण पुढच्या वाक्यात नेमकं काय केल्याची तक्रार आहे ते साध्या शब्दांत लिहा.

ओसरी

मी समुपदेशन केंद्रात काम करते. माझा अनुभव उलट्या बाजूचा. आम्ही, सरकारी पत्रकं आणि वर्तमानपत्रं 'कौटुंबिक हिंसाचार' म्हणतो. समोर बसलेली बाई तो शब्द स्वतःसाठी कधीच वापरत नाही. 'तुमच्यावर हिंसाचार होतो का?' विचारलं की ती 'नाही बाई' म्हणते. 'हात उचलतात का?' विचारलं की मान खाली घालून 'कधीमधी' म्हणते. 'पगार कोणाच्या हातात जातो? माहेरी फोन करू देतात? नको म्हटलं तरी जवळ येतात?' एवढं विचारलं की मग ती बोलू लागते, आणि थांबत नाही.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५च्या कायद्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे चारही प्रकार आहेत. पण बातमीत छळ येतो तो मारहाणीचा, नाहीतर हुंड्याचा. एटीएम कार्ड काढून घेणं, नोकरी सोडायला लावणं यालाही कायद्याचं संरक्षण आहे, हे आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांना ठाऊक नसतं. ज्यांचं काम लोकांपर्यंत पोहोचण्याचं आहे त्यांनी हे तिच्या भाषेत लिहावं: जाच, मारझोड, पैसे काढून घेणं, घराबाहेर काढणं.

'समेट घडवून संसार वाचवला' अशी कौतुकाची बातमीही थांबवा, ही विनंती. ती परत नांदायला गेली एवढंच आपल्याला माहीत असतं. पुढे काय झालं ते कोणी विचारायला जात नाही.

नवखा

'पीडिता' लिहायचं की 'सर्व्हायवर', म्हणजे अत्याचारातून तगून निघालेली? आमच्या वर्गात यावर रोज भांडण होतं.

जिल्हापान

सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये लिंगभावाच्या साचेबंद भाषेवर पुस्तिका काढली. तिचं म्हणणं असं की दोन्ही चालतात, मात्र त्या व्यक्तीने पसंती सांगितली असेल तर ती पाळा. मला हे योग्य वाटतं. ती स्वतः बोलत असेल तर तिला विचारा. पोलिसांतली बातमी असेल तर 'फिर्यादी' किंवा 'तक्रारदार' पुरतं, त्यात तिच्यावर कुठलाच शिक्का नाही. 'बळी' जिवंत माणसाला लावू नका. 'अबला' आणि 'वासनेची शिकार' तर कोणालाच नको. मुलगे आणि पुरुषही असतात, म्हणून मी सरसकट 'पीडिता' टाळते.

काळाकोट सर, कर्ता दाखवण्यात एक अडचण आहे, ती मीच मांडते. आरोपी सावत्र बाप असेल तर त्याचं नाव छापलं की मुलीचीही ओळख उघड होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार तो गुन्हा आहे. मुलांच्या बाबतीत पॉक्सोचं, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३ नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, शेजार सगळंच झाकायला सांगतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालाने मृत व्यक्तीलाही हेच संरक्षण दिलं. 'अमुक वाडीतल्या शिक्षकाच्या मुलीवर' एवढं लिहिलं तरी तालुक्याला घर कळतं. म्हणून नातं लिहायचं तर नाव-गाव काढायचं, आणि वाक्य तरीही 'सावत्र वडिलांनी अत्याचार केल्याची तक्रार' असंच ठेवायचं.

रात्रपाळी

पोलिसांच्या प्रेसनोटमध्येच 'चारित्र्याच्या संशयावरून' लिहून येतं. पान छपाईला सुटायला दहा मिनिटं असतात. काय करू?

जिल्हापान

ते शब्द काढा. 'पत्नीचा खून, पतीला अटक' हे शीर्षक लांबीलाही कमी आहे. कारण द्यायचंच असेल तर आत लिहा: 'पतीने चौकशीत संशयाचं कारण सांगितल्याचं पोलिसांनी म्हटलं आहे.' आणि तिच्या माहेरच्यांना एक फोन करा. तिने आधी पोलिसांत तक्रार दिली होती का, ते विचारा. दिली असेल तर तीच खरी बातमी आहे, आणि तेव्हा काय कारवाई झाली हे ठाण्याला विचारायला उद्याचा अंक आहेच. बातमीखाली १८१ (महिला मदतवाहिनी) आणि ११२ (आपत्कालीन मदत) हे क्रमांक द्यायला विसरू नका.