लाल बॅकग्राऊंडवर हिरवी अक्षरं, गिऱ्हाईकाला कसं समजवायचं?

फ्लेक्सवाला_राजारामपुरी:
एका खानावळीचा १० बाय ५ चा बोर्ड करायचाय. मालकांना बॅकग्राऊंड लालभडक पाहिजे, त्यावर "घरगुती भोजन" हिरव्यात आणि भोवतीनं जाड काळा स्ट्रोक, शिवाय मटण ताट, तांबडा, पांढरा, सगळ्याचे फोटो, कोपऱ्यात साहेबांचा फोटो. स्क्रीनवर झ्याक दिसतंय म्हणे. मला वाटतंय रस्त्यावरनं कायबी कळणार न्हाई, पण का ते सांगायला गेलं की "कालची पोरं तुम्ही" म्हणून गप करतात. काहीतरी ठोस सांगा की.

जुना_पेंटर:
कोरलमध्ये (डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये) ती फाईल ग्रेस्केल, म्हणजे काळी-पांढरी कर आणि त्यांच्यासमोर धर. त्या लाल-हिरव्याचा उजेड जवळपास सारखाच असणार, दोन्ही एकाच राखाडीत जातील आणि अक्षरं गायब. बारीक आकार आणि कडा डोळा मुख्यतः उजेड-अंधाराच्या फरकावरनं ओळखतो, नुसत्या रंगाच्या फरकावर न्हाई. त्यात लाल-हिरव्यात गल्लत होणारे पुरुष बायकांपेक्षा बरेच जास्त, कारण हे रंग ओळखायची जनुकं एक्स क्रोमोसोमवर असतात आणि पुरुषाकडं तो एकच. खानावळीत येणारी निम्म्याहून जास्त गडीमाणसंच की.

मात्रा_वेलांटी:
रंगापेक्षा मला तो स्ट्रोक खटकतोय. घ आणि ध, म आणि भ यांच्यात लांबून मोठा फरक काय तर शिरोरेषेतली एवढीशी फट. जाड स्ट्रोकनं ती बुजली की भोजनचं मोजन. स्ट्रोक काढ, अक्षरात हवा ठेव, दोन ओळींत जागा जास्त सोड न्हाईतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांत घुसतात.

रंकाळा_रिटर्न:
लोकं वासावर येत्यात लका, बोर्ड कोण वाचतंय 😄

जुना_पेंटर:
वास गल्लीत शिरल्यावर येतो, गल्लीत वळवायचं काम बोर्डाचं. चाळीसच्या स्पीडची गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, आणि नजर एका वेळी अगदी स्पष्ट बघते ते हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढंच, बाकी सगळं धुरकट. त्यामुळं दहा फोटो लावले तर नजर फिरेपर्यंत गाडी पुढं. एकच ताट, मोठं. नाव त्या ताटाला चिकटून, कारण जवळजवळ असलेलं आपण आपोआप एकत्र धरतो, वर्टहायमर म्हणून मानसशास्त्रज्ञ होता, त्यानं १९२३ लाच मांडलंय हे. आणि १०० फुटांवरनं १० फुटी बोर्ड जेवढा दिसतो तेवढाच दोन फुटांवर धरलेल्या मोबाईलवर ६ सेंमी रुंद फोटो दिसतो. मालकांच्या हातात उभा मोबाईल दे आणि हात लांब करायला सांग.

फ्लेक्सवाला_राजारामपुरी:
भारीच. पण लाल काय ते सोडणार न्हाईत.

मात्रा_वेलांटी:
राहू दे की लाल, जरा गडद घे आणि अक्षरं पांढरी कर. तांबडा-पांढराच झाला, मालक खूश.

फ्लेक्सवाला_राजारामपुरी:
आणि साहेबांचा फोटो?

जुना_पेंटर:
तो विषय हार्ड हाय भावा, तिथं सायन्स चालत न्हाई.