सौम्य कोविडनंतर साडेचार महिने झाले, थकवा दुसऱ्या दिवशी येऊन पाडतो. व्यायाम करावा की नाही?

नमस्कार. वय ४१, आधीचा कुठलाही मोठा आजार नाही. साडेचार महिन्यांपूर्वी घसा खवखवला, तीन दिवस ताप आला, घरच्या किटवर कोविड पॉझिटिव्ह निघाला. ऑक्सिजन एकदाही ९६च्या खाली गेला नाही आणि आठव्या दिवशी मी कामाला लागले. एवढ्याशा दुखण्यानंतर अजून बरी नाही म्हटलं की लोकांना ते खरं वाटत नाही. पहिले दोन महिने मलाही वाटत नव्हतं.

त्रास नेमका कसा आहे ते सांगते. काम करताना फारसं काही होत नाही, म्हणूनच फसगत होते. शनिवारी कपाट आवरलं, तासभर उभी होते, छान वाटलं. रविवारही बरा गेला. सोमवारी सकाळी मात्र अंगातलं त्राणच गेलं होतं. हातपाय जड, घसा पुन्हा दुखरा, डोक्यात धुकं. समोरचा बोलत असतो आणि वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेली असते. झोपूनही ताजंतवानं वाटत नाही. असे तीन-चार दिवस जातात. कधी नुसत्या दोन तासांच्या मीटिंगनंतरही हेच होतं, म्हणजे प्रश्न फक्त अंगमेहनतीचा नाही.

सीबीसी, थायरॉईड, साखर, बी-१२, फेरिटिन, ईसीजी, छातीचा एक्स-रे, सगळं नॉर्मल. पहिल्या डॉक्टरांनी 'ताण कमी करा, रोज चाला, दर आठवड्याला थोडं वाढवा' असं सांगितलं. मी मनापासून केलं. दहा मिनिटांवरून पंचवीसवर नेलं आणि तिसऱ्या आठवड्यात अंथरुणालाच खिळले. आई म्हणते, झोपून राहिलीस तर अशीच राहशील. तिची काळजी कळते, पण उत्तर काय द्यावं ते कळत नाही.

नंतर वाचलं तेव्हा जरा उलगडा झाला. श्रमानंतर काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी लक्षणं उसळणं ही ओळखीची गोष्ट आहे, एमई/सीएफएस या वर्षानुवर्षं टिकू शकणाऱ्या थकव्याच्या आजारात तर ती मुख्य खूण मानतात. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोविडोत्तर आजाराची जी व्याख्या केली, त्यात संसर्गानंतर साधारण ३ महिन्यांनी असणारी, किमान २ महिने टिकणारी आणि दुसऱ्या निदानाने न उलगडणारी लक्षणं धरली आहेत. संसर्ग सौम्य असला तरी हे होऊ शकतं. आणि उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०२१ मध्येच एमई/सीएफएसच्या रुग्णांना ठरावीक टप्प्यांनी वाढवत नेणारा व्यायाम देऊ नये असं सांगितलं. मला एमई/सीएफएस आहे असं कोणी म्हटलेलं नाही, पण माझा अनुभव त्याच्याशी फार जुळतो.

अजून एक. उभं राहिलं की छातीत धडधडतं. घरी नाडी मोजली: आडवी असताना ७०, दहा मिनिटं उभी राहिल्यावर १०६. प्रौढांमध्ये ३० किंवा जास्त वाढ टिकून राहिली आणि रक्तदाब पडत नसेल तर पॉट्सचा, म्हणजे उभं राहिल्यावर नाडी फार वाढण्याच्या विकाराचा, विचार करतात. रक्तदाब मी मोजला नव्हता.

ज्यांनी हे भोगलंय त्यांना विचारायचंय:

आपली मर्यादा तुम्ही कशी शोधली? थकवा जाणवला की थांबायचं म्हणावं तर मला त्या वेळी जाणवतच नाही. नाडी बघून थांबता की सरळ घड्याळ लावता? मी सध्या वीस मिनिटं काम, वीस मिनिटं आडवं पडणं असं सुरू केलंय. बारा दिवसांत मोठा झटका आलेला नाही, पण हे फार लवकर आहे.

धडधडीसाठी कोणाकडे गेलात, फिजिशियन की हृदयरोगतज्ज्ञ?

नोकरीत अर्धवेळ किंवा घरून काम मागताना काय सांगितलंत? रिपोर्ट नॉर्मल असताना प्रमाणपत्र कशाचं मागायचं?

पुढच्या बुधवारी दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचंय. रोजची कामं, झोप आणि लक्षणं वहीत लिहून ठेवली आहेत. आणखी काय न्यावं? कोणाला पूर्ण बरं वाटलं असेल तर किती दिवसांनी, तेही लिहा. उत्तरं वाचायला मला वेळ लागेल, पण सगळी वाचेन.