मदत हवी आहे : सह्याद्रीच्या छायाचित्रांचे पुस्तक आणि मुक्कामाचा प्रश्न

नमस्कार. मी सोलापूरला राहतो आणि साल्हेर (१५६७ मीटर), कळसूबाई (१६४६ मीटर) व हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा यांच्या छायाचित्रांचे पुस्तक तयार करीत आहे.

पहिली अडचण छपाईची आहे. कोकणकड्याचा अर्धवर्तुळाकार विस्तार एका पानात मावत नाही, आणि दोन समोरासमोरच्या पानांवर घेतला तर कड्याचा नेमका मधला भाग बांधणीच्या घडीत जातो. पान पूर्ण सपाट उघडेल अशी बांधणी महाराष्ट्रात कोठे चांगली होते? पडद्यावर दिसणारा पावसाळी हिरवा रंग चार शाईंच्या छपाईत मंदावतो, त्यामुळे नमुना छपाई कोणत्या कागदावर घ्यावी, हेही अनुभवी मंडळींनी सांगावे.

दुसरा प्रश्न माझ्यासाठी अधिक जिव्हाळ्याचा आहे. सोलापूर पर्जन्यछायेत असल्याने येथील आकाशावरून घाटमाथ्यावरील धुक्याचा अंदाज बांधता येत नाही, आणि हवे ते ऊन-सावलीचे क्षण दूर राहून सापडत नाहीत. म्हणून अकोले किंवा जुन्नर परिसरात वर्षभर भाड्याने राहावे असे वाटते. मात्र वृद्ध आई-वडील येथेच आहेत, आणि सिद्धेश्वर तलावाकाठची त्यांची रोजची फेरी मोडणे मला योग्य वाटत नाही. केवळ जून ते ऑक्टोबर तिकडे राहून काम पूर्ण होईल का? त्या भागात पावसाळा काढलेल्यांनी घरभाडे, वीज आणि दवाखान्याची सोय यांविषयी कृपया सविस्तर लिहावे.