वरच्या दाढेच्या जागी हाड फक्त ४ मिमी, इम्प्लांट बसेल का?

आईचं वय ६३. वरच्या उजव्या दोन दाढा काढून नऊ वर्षं झाली. सीबीसीटीत (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनमध्ये) हाडाची उंची ४ मिमी निघाली. डॉक्टर म्हणतात, आधी सायनस लिफ्ट, मग सहा महिने थांबा. आईचं एकच पालुपद: "भाकरी चावता आली की झालं, नाकापर्यंत कशाला जाता?"

↳ दंतवैद्य आहे. नाकात नाही, गालामागच्या पोकळीत, म्हणजे सायनसमध्ये. दाढ गेली की सायनस खाली उतरतो, खालून हाडही झिजतं. ४ मिमी असेल तर सहसा बाजूने खिडकी पाडून आतला पातळ पडदा उचलतात आणि खाली हाडाची पूड भरतात. बॉइन आणि जेम्स यांनी १९८० मध्येच हे मांडलंय, नवीन खूळ नाही. साखर असेल तर एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) आधी बघा.

↳ माझं गेल्या दिवाळीआधी झालं. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडून! घरात झाडलोट, मी गच्चीत. आणि हो, पूड बरेचदा गाईच्या हाडाची असते. चालणार नसेल तर आधीच बोला, कृत्रिमही मिळते.

↳ (प्रश्नकर्ता) गाईचं ऐकून आई देवघराकडे बघायला लागली. कृत्रिमचंच विचारतो.