एका हंबकरच्या गिटारमधील व्हॉल्यूम आणि टोन: काय बदलावे आणि काय तसेच ठेवावे?

प्रश्न: नारायण_पेठ_सहा_तारा

सर्वांना नमस्कार.

माझ्याकडे ब्रिजजवळ एकच हंबकर (तारेचे कंपन सिग्नलमध्ये बदलणारा दोन कॉइलचा पिकअप), एक व्हॉल्यूम आणि एक टोन एवढीच नियंत्रणे असलेली गिटार आहे. गिब्सनने १९५४ साली आणलेली लेस पॉल ज्युनियर याच घडणीची. फरक इतकाच, की तिच्यात पी-९० हा सिंगल कॉइल पिकअप असे. ही मोजकी मांडणी मला मनापासून आवडते, त्यामुळे दुसरा पिकअप बसवण्यासाठी लाकूड कोरण्याचा विचार नाही. आहेत त्याच दोन नॉबांमधून अधिक काय मिळवता येईल, एवढेच जाणून घ्यायचे आहे.

पहिली अडचण अशी, की व्हॉल्यूम दहावरून थोडा खाली आणला की आवाज नुसता कमी होत नाही, तर त्यावर गोधडी टाकल्यासारखा दबतो. कडव्यात गायकाच्या मागे राहताना मला आवाज कमी हवा असतो, पण तारेची खणक तशीच हवी असते. दुसरे, पिकअपमधून चार रंगीत वायरी आणि एक उघडी वायर येते. त्यांपैकी दोन एकमेकींना जोडून त्यांवर टेप गुंडाळलेली आहे. पुश-पुल पॉट (नॉबखालचा बदलता प्रतिरोध, ज्याचा नॉब वर ओढला की स्विच बदलतो) बसवून एक कॉइल बंद करता येते, असे वाचनात आले. गणेशोत्सवातील कार्यक्रमांत स्वच्छ, पातळ आवाजाची गरज पडते. तेव्हा हा बदल करावा का? तिसरे, घरी वाजवताना सतत बारीक गुणगुण येते आणि तारांना हात लावला की ती कमी होते. हा गिटारमधील दोष आहे का? आमचे घर जुन्या वाड्यात आहे आणि वायरिंगही जुनेच आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

झाकणाखाली दोन्ही पॉटवर बी५००के असे छापलेले आहे. कॅपॅसिटर हिरवा असून त्यावर २ए४७३जे असे लिहिले आहे. ॲम्पपर्यंतची केबल सहा मीटरची आहे. सोल्डरिंग मला येते.

उत्तर: सोल्डर_आणि_सूर

आपण छापील अक्षरे नोंदवून दिली हे फार चांगले केले, कारण अर्धे उत्तर त्यांतच आहे. २ए म्हणजे १०० व्होल्टपर्यंत चालणारा, ४७३ म्हणजे ४७,००० पिकोफॅरड, अर्थात ०.०४७ मायक्रोफॅरड, आणि जे म्हणजे पाच टक्क्यांची मर्यादा. हंबकरसोबत सहसा याच्या निम्म्याहून कमी, म्हणजे ०.०२२ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर वापरतात; त्यावर २२३ असे लिहिलेले असते. टोन पूर्ण उघडा असताना या दोहोंत ऐकू येण्यासारखा फरक पडत नाही, मात्र टोन खाली आणल्यावर ०.०४७ फार लवकर खर्जात उतरतो. कागद-तेलाच्या महागड्या जुन्या कॅपॅसिटरांविषयी बरेच काही लिहिले जाते. माझ्या मते गिटारच्या टोनमध्ये किंमत नव्हे, तर मूल्य ऐकू येते. हिरवा पॉलिएस्टर उत्तम काम देतो.

आता दबणाऱ्या आवाजाकडे येऊ. केबल ही नुसती वायर नाही, तर तो एक छोटा कॅपॅसिटरही आहे. साधारण केबलमध्ये दर मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास धारकता असते, म्हणजे आपल्या सहा मीटरच्या केबलची ती सुमारे ६०० झाली. व्हॉल्यूम दहावर असताना पिकअप थेट केबलला जोडलेला असतो. नॉब खाली आणला की सिग्नलच्या वाटेत पॉटचा प्रतिरोध येतो, आणि हा प्रतिरोध व केबलची धारकता मिळून तीव्र स्वर गाळणारे फिल्टर तयार होते. ५०० केच्या पॉटचा प्रतिरोध दोन बाजूंना निम्मा-निम्मा वाटला जातो तेव्हा केबलला दिसणारा प्रतिरोध सर्वाधिक, म्हणजे सुमारे १२५ किलोओहम असतो. ६०० पिकोफॅरडबरोबर त्याची गाळणी साधारण २.१ किलोहर्ट्झपासूनच सुरू होते. गिटारची खणक नेमकी त्याच्या वरच्या पट्ट्यात असते. म्हणून दोष पिकअपचा नाही आणि तो बदलून काहीही साधणार नाही.

यावरचा पहिला उपाय एकही नवीन भाग न आणता करता येतो. आपल्या गिटारमध्ये टोनकडे जाणारी वायर बहुधा व्हॉल्यूम पॉटच्या त्या कडेच्या पायावर असेल, जिथे पिकअपची वायर येते. ती तिथून काढून व्हॉल्यूमच्या मधल्या पायावर, म्हणजे जॅककडे जाणाऱ्या पायावर जोडा. गिब्सनच्या पन्नाशीच्या दशकातील गिटारींमध्ये अशी जोडणी असे, म्हणून तिला फिफ्टीज वायरिंग म्हणतात. व्हॉल्यूम खाली आणल्यावर ट्रेबल बऱ्यापैकी टिकते. टोन फिरवला की व्हॉल्यूमही थोडा हलतो, ही तिची खोड आहे. काहींना ती खटकते, मला ती वाजवण्याचाच एक भाग वाटते.

तेवढ्याने भागले नाही, तरच ट्रेबल ब्लीड, म्हणजे तीव्र स्वरांना पॉट टाळून जाण्याची वाट, लावा: व्हॉल्यूमच्या पिकअपकडील पायापासून मधल्या पायापर्यंत १,००० पिकोफॅरडचा (१०२ लिहिलेला) कॅपॅसिटर आणि त्याला समांतर १५० किलोओहमचा रेझिस्टर. नुसता कॅपॅसिटर लावला तर कमी व्हॉल्यूमवर खालचे स्वर हरवून आवाज किरटा होतो, म्हणून रेझिस्टर वगळू नये. फिफ्टीज वायरिंग आणि ट्रेबल ब्लीड एकदम लावू नका; मग कशामुळे काय झाले, हे कानाला ठरवता येत नाही.

बी हे अक्षर लिनियर पॉटचे आहे. तो खाली आणताना बराच वेळ फारसे काही घडत नाही आणि शेवटच्या थोड्या भागात आवाज एकदम कोसळतो. ए५००के, म्हणजे ऑडिओ टेपरचा पॉट बसवल्यास कडव्यातला आवाज हाताने नेमका धरता येईल. तपकीर गल्लीत कॅपॅसिटर, रेझिस्टर आणि शिल्डेड वायर मिळण्यास अडचण नाही, परंतु पॉट घेताना अक्षर स्वतः वाचा आणि जुना पॉट सोबत न्या, कारण दांड्याची जाडी आणि आट्यांचा व्यास जुळला नाही, तर नॉब बसत नाही किंवा लाकडातील भोक मोठे करावे लागते.

उत्तर: मंडपातला_वादक

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. कॉइल बंद करण्याबाबत मात्र थोडा थांबण्याचा आग्रह करतो.

हंबकरच्या दोन कॉइल आणि त्यांचे चुंबकीय ध्रुव परस्परविरुद्ध असल्यामुळे तारेचा सिग्नल एकमेकांत मिळतो आणि बाहेरून आलेली गुणगुण एकमेकांना कापते. एक कॉइल बंद केली की ही सोय संपली. गणेशोत्सवाच्या मंडपात डिमरवर चालणारी रोषणाई, जनरेटर आणि जमिनीवरून गेलेल्या केबल यांच्यामध्ये उभे राहून एका कॉइलवर शांत गाणे वाजवणे किती अवघड होते, हे तिथे वाजवणाऱ्यांना ठाऊक आहे. आपल्याला पातळ आवाज हवा आहे तोच मुळी अशा जागी.

म्हणून दोन्ही कॉइल समांतर जोडाव्यात, असे मी सुचवतो. आवाज उजळ होतो, जोर कमी होतो आणि गुणगुण कापण्याचा गुण तसाच राहतो. पुश-पुल पॉटखाली सहा पायांचा स्विच असतो. त्याचे मधले दोन पाय मुख्य धरा. आपला पिकअप सेमूर डंकनच्या रंगांचा असेल, तर काळी वायर हॉट (सिग्नल नेणारी), हिरवी आणि उघडी अर्थला, आणि पांढरी व लाल एकमेकींना जोडलेल्या असतात. काळी व हिरवी आहेत तिथेच राहू द्या. टेपखालची जोडी सोडवून पांढरी एका मधल्या पायावर आणि लाल दुसऱ्या मधल्या पायावर लावा. नॉब खाली असताना जे दोन पाय जोडले जातात, ते एका छोट्या वायरीने एकमेकांना जोडा; ही नेहमीची सिरीज जोडणी झाली. नॉब वर ओढल्यावर जोडल्या जाणाऱ्या दोन पायांपैकी पांढरीच्या बाजूचा अर्थला आणि लालच्या बाजूचा काळ्या वायरीला. कोणते पाय केव्हा जोडले जातात, ते मीटरच्या बीप आवाजावर आधी तपासा.

रंगांवर मात्र आंधळा विश्वास ठेवू नका. दिमार्झिओमध्ये लाल वायर हॉट असते आणि काळी-पांढरी ही जोडी असते. इतर उत्पादकांचे रंग आणखी वेगळे. टेप काढल्यावर सर्व वायरी मोकळ्या करून मीटरने जोड्या शोधा. मग मीटर सर्वांत लहान डीसी व्होल्ट श्रेणीवर ठेवून प्रत्येक कॉइलच्या पोलवर स्क्रूड्रायव्हरचे टोक हलकेच टेकवा. टेकवताक्षणी आकडा धन बाजूला हलला, तर लाल प्रोब लागलेली वायर त्या कॉइलची धन वायर. समांतर जोडणीत दोन्ही धन वायरी एकत्र आणि दोन्ही ऋण वायरी एकत्र यायला हव्यात. उलटे झाले तर आवाज पोकळ आणि नाकातून आल्यासारखा येतो.

उत्तर: अर्थिंग_आधी

तिसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो, कारण इथे घाई चालणार नाही.

तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते, याचा अर्थ ब्रिजखालची अर्थची वायर शाबूत आहे. घरातील वायरिंगचे विद्युत क्षेत्र आपले शरीर पकडते आणि पिकअपजवळ आणते. तारांमधून शरीर अर्थशी जोडले गेले की ते शमते. झाकणाखालच्या पोकळीला तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थला जोडल्यास ही गुणगुण आणखी घटेल. पट्टीच्या प्रत्येक तुकड्याची कंटिन्युइटी तपासा, कारण काही पट्ट्यांचा गोंद वीज वाहत नाही. तिथे सांध्यावर सोल्डरचा एक ठिपका द्यावा.

पण याच तारा ॲम्पमधून घराच्या अर्थिंगशी जोडलेल्या आहेत, म्हणून वाड्यातील प्लग आधी तपासून घ्या. जुन्या बोर्डवर तीन भोकांचे सॉकेट असते, पण वरच्या भोकामागे कधी वायरच नसते, तर कधी ते भोक न्यूट्रलला जोडून दिलेले असते. दुसरा प्रकार पहिल्याहून घातक आहे, कारण न्यूट्रल तुटला तर ॲम्पचा पत्रा आणि गिटारच्या तारा दोन्ही जिवंत होऊ शकतात. परवानाधारक वायरमनकडून फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही मोजून घ्या. दोन्हीकडे २३० व्होल्टच्या आसपास आकडा हवा, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये जेमतेम काही व्होल्ट. शिवाय भोकामागची वायर खरोखर अर्थिंगपर्यंत जाते का, हे त्यांना बोर्ड उघडून पाहायला सांगा, कारण न्यूट्रलला जोडलेले भोकही मीटरवर असेच आकडे दाखवते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवला तर उत्तम. गुणगुण जावी म्हणून ॲम्पच्या प्लगची अर्थ पिन कधीही काढू नका. आणि तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर त्याच क्षणी वाजवणे थांबवा.

प्रश्नकर्ता: नारायण_पेठ_सहा_तारा

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, मनापासून आभार. वायरमनला बोलावले आहे. तोवर ॲम्प लावणार नाही. दरम्यान मीटर घेऊन बसलो. एका जोडीचा प्रतिरोध ४.१ आणि दुसरीचा ४.० किलोओहम आला. वायरी काढून मोजल्यावर व्हॉल्यूमचा पॉट ५०० ऐवजी ४२८ किलोओहम दाखवतो. तो खराब समजावा का? टोनच्या जागी पुश-पुल आणि व्हॉल्यूमला ए५००के, असे ठरवतो आहे.

उत्तर: सोल्डर_आणि_सूर

पॉट खराब नाही. साध्या पॉटची मर्यादा २० टक्के असते, म्हणजे ४०० ते ६०० यांमधील कोणताही आकडा योग्यच. नवीन पॉट घेताना मीटर सोबत न्या आणि दोन-तीन मोजून त्यांतला मोठ्या आकड्याचा घ्या. प्रतिरोध जितका अधिक, तितका पिकअपवरचा भार कमी आणि आवाज किंचित उघडा.

पुश-पुल टोनवर ठेवण्याचा निर्णय मला पटतो, कारण व्हॉल्यूमचा नॉब वाजवताना सतत करंगळीखाली असतो आणि तो चुकून वर ओढला जाण्याची भीती राहते. तो घेण्यापूर्वी पोकळीची खोली मोजा. स्विचमुळे पुश-पुल साध्या पॉटपेक्षा बराच उंच असतो.

पॉटच्या पाठीवर अर्थची वायर लावताना २५ वॅटचा आयर्न अपुरा पडतो. पत्रा उष्णता ओढून घेतो, आपण आयर्न टेकवून बसतो आणि आतला कार्बनचा पट्टा भाजतो. त्या जागी बारीक पॉलिश पेपर घासा, ४० ते ६० वॅटचा आयर्न वापरा, आधी पाठीवर सोल्डरचा पातळ थर द्या आणि मग वायर ठेवून दोन-तीन सेकंदांत काम संपवा. सांधा चकचकीत आणि पसरलेला दिसला पाहिजे. गोळ्यासारखा वर बसला असेल, तर तो धरलेला नाही.

तारा चढवण्यापूर्वी गिटारच्या जॅकमध्ये केबल घाला आणि व्हॉल्यूम दहावर ठेवून केबलच्या मोकळ्या टोकाचे टीप व बाहेरचा भाग यांमध्ये प्रतिरोध मोजा. नॉब खाली असताना ८ किलोओहमच्या किंचित आत आणि वर ओढल्यावर २ च्या आसपास आकडा यायला हवा. वर ओढल्यावर ४ आला, तर एकच कॉइल चालू आहे, व्हॉल्यूमच्या पॉटइतका, म्हणजे ५०० च्या आसपास आला, तर पांढरी व लाल यांच्या बाजूंची अदलाबदल झाली आहे, आणि शून्य आला, तर हॉट वायर कुठेतरी तांब्याच्या पट्टीला टेकली आहे.