‘बायल्या’ ही शिवी नेमकी कोणाला?

सांजवारा : एखाद्या मुलाला ‘बायल्या’ म्हणून हिणवले जाते, तेव्हा तो कोणावर प्रेम करतो हे हिणवणाऱ्याला ठाऊकही नसते; त्याचे चालणे, बोलणे, रडणे बायकी आहे एवढाच त्याचा अपराध. बाईसारखे असणे म्हणजे पायरी उतरणे, हे आधीच गृहीत असल्याशिवाय हा शब्द शिवी होऊच शकत नाही. (‘अगदी मुलासारखी आहे’ हे मात्र आपल्याकडे अजून कौतुक!) म्हणून समलिंगी पुरुषांविषयीच्या तिटकाऱ्याचे मूळ मला स्त्रीविषयीच्या तुच्छतेत दिसते. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या तेव्हाच्या दंड संहितेतील कलम ३७७ मधून सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे संबंध वगळणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनीही हा भेदभाव स्त्री-पुरुषांच्या साचेबद्ध भूमिकांवर उभा असल्याने लिंगावरून भेदभाव करण्यास मनाई करणाऱ्या राज्यघटनेच्या कलम १५ च्या विरोधात जातो, असे मांडले होते.

तिरकस : असहमत. कुठल्याही अंगाने ‘बायकी’ न दिसणाऱ्या धिप्पाड पुरुषाने आपला जोडीदार पुरुष असल्याचे सांगितले, तर घरचे त्याला पाटावर बसवून ओवाळतात का? आणि दोन स्त्रिया एकत्र राहू लागल्या, तर त्यांनी कोणती पायरी उतरलेली असते? मुलगा लग्नाला नाही म्हणतो म्हणून रडणाऱ्या आईला स्त्रीद्वेष्टी म्हणणे मला जमणार नाही; तिला वंशाची आणि चार लोकांची काळजी असते.

ओवी : वंश मुलानेच चालवायचा, हा नियम तरी कुठून आला? स्त्रियांचे म्हणाल, तर ब्रिटनमध्ये १८८५ च्या कायद्याने केवळ पुरुषांमधील संबंधांना शिक्षा ठेवली होती. १९२१ मध्ये स्त्रियांनाही त्यात आणणारे कलम कनिष्ठ सभागृहात संमत झाले आणि उमराव सभेत अडले. तिथला एक ठळक आक्षेप असा, की बहुतेक स्त्रियांना असे काही असते हेच माहीत नाही, तेव्हा कायदा करून ते त्यांना कळवू नये. स्त्रीची इच्छा गुन्हा ठरवण्याइतकीही दखलपात्र नव्हती. आपल्याकडे अशा मुलीचे घाईघाईने लग्न लावतात, तेही याच समजुतीतून.

तिरकस : वंशाबाबत तुमचे म्हणणे मान्य. तरीही माझ्या नात्यातल्या एका काकांनी मुलींना मुलांच्या बरोबरीने शिकवले, स्वतः पोळ्या लाटल्या, आणि भाचा समलिंगी असल्याचे कळल्यावर वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत. हे गृहस्थ तुमच्या मांडणीत कुठे बसतात?

सांजवारा : त्यांना एकदा विचारून पाहा, भाच्यात नेमके काय कमी पडले असे त्यांना वाटते. उत्तरात ‘पुरुष’ हा शब्द आला नाही, तर मी माझे म्हणणे मागे घेईन.